शिरोलीच्या डिस्पॅचला स्वतःचं दार

सकाळी ६.००

राजारामपुरीतल्या घरी चहा उकळेपर्यंत माझी पहिली फेरी होते. कोणत्या क्यूमध्ये किती मेसेज साठलेत, क्यूपर्यंत येणारं कोणतं चॅनेल बंद पडलंय, डेड लेटर क्यूमध्ये रात्रीत काही येऊन पडलंय का, एवढं बघायचं. ज्यांची क्यूच सापडली नाही, किंवा सापडली पण भरलेली होती, असे मेसेज डेड लेटर क्यूमध्ये जातात. आज ती रिकामी आहे. बिलिंगच्या क्यूमध्ये थोडी गर्दी आहे, महिनाअखेर आहे म्हणून.

पुण्यातल्या एका कंपनीचं मिडलवेअर मी कोल्हापुरात बसून सांभाळते. सुटे भाग करणारे कारखाने आणि वाहन कंपन्या यांच्यातली कागदपत्रं पोचवायची, हे कंपनीचं काम. मागणीचं वेळापत्रक, माल निघाल्याची आगाऊ सूचना, माल उतरल्याची पोच. आगाऊ सूचनेला सगळे एएसएन म्हणतात. या सगळ्याच्या बुडाशी आयबीएम एमक्यू आहे, १९९३मध्ये एमक्यूसिरीज या नावाने आलेलं. पाठवणाऱ्याने मेसेज क्यूमध्ये ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. घेणारा तेव्हा बंद असला तरी चालतं, उठेल तेव्हा तो घेईल. दोघं एका वेळी जागे असायची गरज नाही, हा या यंत्रणेचा खरा गुण.

आजवर बाहेरचे ग्राहक आमच्याकडे फाइल टाकून जायचे आणि आमचा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने ती उचलायचा. आज शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री पहिल्यांदाच थेट क्यूला जोडली जाणार आहे. कास्टिंगची गाडी शिरोलीहून निघाली की त्याच दिवशी चाकणच्या वाहन कंपनीच्या गेटवर उभी राहते. तिथे एएसएन आधी पोचलेली नसेल तर गाडी आत घेत नाहीत. फाइलच्या नावात एक अक्षर चुकलं म्हणून ड्रायव्हर रात्रभर रस्त्याकडेला झोपतो, हे मी फोनवर पुष्कळदा ऐकलंय. म्हणून आजचं काम मला मोलाचं वाटतं.

सकाळी ७.३०

निघण्याआधी आमच्या बाजूची तयारी पुन्हा तपासते. या सगळ्या क्यू सांभाळणाऱ्या क्यू मॅनेजरवर आमचं स्वतःचं बिलिंग चालतं, अहवाल चालतात, इतर ग्राहकांच्या फाइलींचं कामही चालतं. अशा सामाईक जागेत बाहेरच्याला घेताना आधीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, हे सगळेच म्हणतात. मला त्यापुढचं म्हणायचंय. नव्याला दिलेलं दार त्याचं स्वतःचं हवं. त्याच्या नावाचं चॅनेल, त्याच्या नावाची क्यू, त्याचं सर्टिफिकेट, त्याची मर्यादा. दहा ग्राहकांना मिळून एकच लॉगिन देऊन टाकणं आमच्या धंद्यात सर्रास चालतं, कारण ते अर्ध्या तासात होतं. पण मग मेसेज कोणाचा, चूक कोणाची, बंद कोणाला करायचं, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. आणि अशा गोंधळाचं बिल नेहमी त्यातल्या सगळ्यात लहान कारखान्याच्या माथी लागतं.

म्हणून या फाउंड्रीसाठी वेगळं चॅनेल आहे. त्या चॅनेलवरून कोणीही आलं तरी त्याला एकाच मर्यादित युजरचे अधिकार मिळतात. तो युजर एका क्यूमध्ये मेसेज ठेवू शकतो आणि दुसऱ्या क्यूमधून पोच उचलू शकतो, बाकी काही नाही. या क्यूसुद्धा उपनावाच्या आहेत. उद्या आतली मूळ क्यू आम्ही दुसरीकडे हलवली तरी शिरोलीत कोणाला काही बदलावं लागणार नाही. चॅनेलच्या नियमांमध्ये शेवटची ओळ आहे: वरच्या कोणत्याही नियमात न बसणाऱ्याला प्रवेश नाही. पहिल्या दिवशी नव्या माणसाला त्रास देते ती हीच ओळ, आणि पुढे सगळ्यांना वाचवतेही हीच.

मर्यादेचंही तसंच. क्यू मॅनेजर एका वेळी किती चॅनेल चालू देतो याचा आकडा मुळात १०० असतो. एखाद्या ग्राहकाच्या प्रोग्रॅमने प्रत्येक बिलाला नवं कनेक्शन उघडलं आणि बंद केलं नाही, तर तो एकटाच ते सगळे गिळतो आणि बाकीच्यांना दार बंद होतं. म्हणून आमचा एकूण आकडा आम्ही वाढवलाय, पण त्यातली या फाउंड्रीला पाच. क्यूमध्ये मुळात ५,००० मेसेज मावतात. तेवढे यांच्याकडून काही महिन्यांतही यायचे नाहीत. तरी एक हजाराला माझ्या फोनवर इशारा लावलाय, कारण तेवढे साठले म्हणजे आमच्या बाजूचा घेणारा झोपलाय.

सकाळी ९.३०

तावडे हॉटेलचा चौक ओलांडून महामार्गाला लागले. पंचगंगेचा पूल आला की २०१९चा ऑगस्ट आठवतोच. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, रस्ता काही दिवस बंद राहिला, आणि गाड्यांच्या रांगा दोन्ही बाजूंना तटल्या. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. आमच्या कामाला याचा थेट संबंध आहे. मेसेजला मुदत घालता येते, आणि मुदत संपलेला मेसेज गुपचूप नाहीसा होतो. चौकशीच्या मेसेजला अशी मुदत बरी, कारण कालच्या चौकशीचं उत्तर आज कोणाला नको असतं. एएसएनला मात्र मी ती कधीच घालू देत नाही. गाडी चार दिवस पाण्याच्या अलीकडे उभी राहिली तरी तिच्यातला माल खरा आहे, त्याचा मेसेजही राहिला पाहिजे.

सकाळी १०.१५

फाउंड्रीच्या ऑफिसात संगणकाचं सगळं बघणारा एकच तरुण आहे. सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन, सगळं त्याच्याच गळ्यात. तो उत्साहाने म्हणाला, “मॅडम, सर्टिफिकेट तयार करून तुम्हाला व्हॉट्सॲपवर टाकलंय, पासवर्डपण खालीच लिहिलाय.”

मी फोन उघडला. त्या फाइलमध्ये प्रायव्हेट की होती. त्याला समोर बसवून सांगितलं, की ही की म्हणजे तुमच्या कारखान्याची सही आहे. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नावाने आमच्याकडे माल निघाल्याचा मेसेज ठेवू शकेल, आणि तो तुम्ही ठेवला नाही हे सिद्ध करता यायचं नाही. माझ्याकडेही ती असता कामा नये. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “म्हणजे तुम्हालापण द्यायची न्हाई?” “मलापण नाही.” त्याने ती फाइल पुसली आणि नवी की त्यांच्याच सर्व्हरवर तयार केली. तिथून फक्त सहीसाठीची विनंती बाहेर आली. आमच्या पुण्याच्या टीमने ती सही करून परत पाठवली. तासभर गेला, पण वाया गेला असं मला मुळीच वाटलं नाही.

आमच्या बाजूच्या सर्टिफिकेटचंही बोलून ठेवलं. बाहेरच्या दारावरचं आमचं सर्टिफिकेट सार्वजनिक संस्थेकडून घेतलेलं आहे, आणि अशा सर्टिफिकेटचं आयुष्य घटत चाललंय. २०२०च्या सप्टेंबरपासून ते जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं होतं. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या फोरमने २०२५मध्ये पुढचा उतार ठरवला: १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, २०२७च्या त्याच तारखेपासून १००, आणि २०२९पासून ४७. शिरोलीत कोणी आमचं आजचं सर्टिफिकेट नेमकं जपून ठेवलं, तर दर नूतनीकरणाला त्यांचा डिस्पॅच थांबेल. त्याऐवजी वरच्या मूळ संस्थेवर विश्वास ठेवायचा, म्हणजे खालचं कितीही वेळा बदललं तरी चालतं. हे त्या तरुणाने स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

सकाळी ११.३०

पहिला प्रयत्न. स्क्रीनवर २०३५.

एमक्यूशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हा आकडा झोपेतही ओळखता येतो. तुम्हाला अधिकार नाही, एवढाच त्याचा अर्थ. का नाही, ते बाहेरच्याला कळत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय. दारात उभ्या अनोळखी माणसाला आतल्या कुलपांची माहिती द्यायची नसते. खरं कारण क्यू मॅनेजरच्या लॉगमध्ये उतरतं, आणि तो लॉग फक्त आम्हाला दिसतो. इथे माणूस लागतो. नियम कडक ठेवायचे तर लॉग वाचून ग्राहकाला साध्या शब्दांत सांगणारं कोणीतरी फोनवर असलंच पाहिजे. नाहीतर तो तरुण दिवसभर २०३५ बघत बसेल, आणि संध्याकाळी मालकाला सांगेल की हे होत नाही.

पुण्यात बसलेल्या आमच्या टीममधल्या नव्या मुलाला फोन केला. तो लॉग वाचत म्हणाला, “ताई, सर्टिफिकेट बरोबर आहे, सही आपलीच आहे, पण नियमात नाव जुळत नाहीये.” आमच्या नियमात कंपनीच्या नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ पूर्ण लिहिलेलं, त्यांच्या विनंतीत ‘प्रा. लि.’ सारखं आखडलेलं. यंत्राला ही दोन वेगळी माणसं. जीएसटी नोंदणीवर जसं आहे तसं ठेवायचं ठरलं, पुन्हा विनंती, पुन्हा सही.

मधल्या वेळात मुलाने विचारलं, की आपला मधला सर्व्हर सर्टिफिकेट स्वतःच तपासून पुढे का पाठवत नाही. प्रश्न चांगला होता. बाहेरची फायरवॉल आणि आतली फायरवॉल यांच्यामध्ये आमचा एमक्यू इंटरनेट पास-थ्रू बसलाय. त्याने टीएलएस, म्हणजे जोडणीचं सुरक्षित वेष्टन, तिथेच संपवून आत नवं सुरू केलं, तर क्यू मॅनेजरला प्रत्येक ग्राहकाच्या जागी त्या मधल्याचंच सर्टिफिकेट दिसेल, आणि ग्राहकागणिक केलेले सगळे नियम फुकट जातील. म्हणून तो टीएलएस न उघडता तसंच पुढे सारतो. आयपी पत्ता तपासायचं काम बाहेरची फायरवॉल करते, ओळख तपासायचं काम क्यू मॅनेजर.

बारा वाजून गेल्यावर जोडणी लागली. त्या तरुणाने टेबलावर थाप मारली. मलाही तितकाच आनंद झाला.

दुपारी १.१५

डिस्पॅचचे अण्णा मला आपल्याबरोबर जेवायला घेऊन बसले. ते वारणा खोऱ्यातले. थेट जोडणीचं ऐकून म्हणाले, “आमच्याकडं हे लई आधी आलंवतं.” आणि ते खरंच आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी पसाऱ्यात १९९८मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगलीतली ७० गावं संगणकाने साखर कारखान्याशी जोडायची. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती, सगळं गावातल्या केंद्रावर मिळावं असं मोठं स्वप्न होतं. प्रत्यक्षात लोक तिथे मुख्यतः उसासाठीच जात. तोड कधी, वजन किती भरलं, खत किती उचललं, पैसे किती झाले.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी हे बघितलं आणि सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरच्या एसएमएसचा प्रयोग केला. २००७मध्ये त्यांनी तो मांडला. प्रश्न एसएमएसने कारखान्याकडे, उत्तर एसएमएसने परत. ते स्वस्त पडलं आणि शेतकऱ्यांना सोयीचंही वाटलं. बाहेरच्या माणसाला कारखान्याच्या सामाईक यंत्रणेशी जोडण्याचं याहून चांगलं उदाहरण मला आपल्या जिल्ह्यात दुसरं माहीत नाही. ज्याला जोडायचं त्याच्या हातात आधीच काय आहे, तिथून त्यांनी सुरुवात केली. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “उसाचं वजन कळलं की माणूस निवांत झोपतंय.”

दुपारी २.३०

पहिले खरे मेसेज गेले आणि आमच्या बाजूला परत फेकले गेले. घेणारा प्रोग्रॅम मेसेज उचलतो, तपासतो, नाकारतो, मेसेज क्यूमध्ये परत येतो, पुन्हा उचलतो. याला आवर घातला नाही तर एकच बिघडलेला मेसेज मागच्या सगळ्यांना अडवून धरतो. आम्ही तीनदा परत आलेला मेसेज वेगळ्या क्यूमध्ये टाकतो, त्यामुळे बाकीचे अडले नाहीत.

बिघाड सापडला तो रुपयाच्या चिन्हात. ₹ हे चिन्ह २०१०च्या जुलैमध्ये स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं. फाउंड्रीच्या सॉफ्टवेअरने रकमेपुढे ते घातलं होतं, पण मेसेजवर शिक्का जुन्या पाश्चात्त्य वर्णसंचाचा होता, ज्यात ते मुळात नाहीच. आमच्या बाजूला रकमेआधी निरर्थक अक्षरं पोचली आणि तपासणीने तो आकडा मानला नाही. मेसेजवर यूटीएफ-८चा शिक्का लावला, म्हणजे एमक्यूच्या भाषेत १२०८, आणि रकमेच्या रकान्यातून चिन्ह काढलं. रक्कम आकड्यातच असावी, चिन्ह छापील बिलावर शोभतं.

दुपारी ४.००

पुण्याशी मीटिंग, इथूनच. एकाने सुचवलं की सगळ्याच ग्राहकांना आपल्या काफ्का या दुसऱ्या मेसेज यंत्रणेवर थेट घ्यावं. काफ्काविषयी मला आदर आहे. लिंक्डइनमध्ये तो घडवणाऱ्यांपैकी नेहा नारखेडे पुण्याच्या, तिथल्याच पीआयसीटीत शिकलेल्या, आणि आमच्या टीममधल्या मुलींना हे मी आवर्जून सांगते. त्याआधीच्या पिढीत मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे होते. त्यांनी बाजारभावांसाठी माहितीची बस बांधली आणि पुढे टिबको काढली. पण काफ्काच्या क्लायंटला ज्या-ज्या ब्रोकरवर, म्हणजे सर्व्हरवर, त्याचा डेटा आहे, त्या प्रत्येकापर्यंत स्वतः पोचावं लागतं. आतल्या कामाला ते ठीक. शिरोलीतल्या कारखान्यासाठी मात्र त्या सगळ्या ब्रोकरना बाहेरून वाट द्यायची आणि त्या वाटा दोन्हीकडच्या फायरवॉलवर सांभाळायच्या, हे मला पटत नाही. ज्यांच्याकडे टॅली आणि एक्सेलपलीकडे काही नाही, त्यांच्यासाठी दारात साधा एचटीटीपीएसचा पर्याय ठेवू आणि मागे क्यू आपली आपण सांभाळू, असं मी मांडलं. निर्णय झाला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू.

संध्याकाळी ५.१५

गाडी भरत होती. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, म्हणून बिल आधी सरकारी पोर्टलवर जातं आणि आयआरएन हा ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक घेऊन परत येतं. मग ई-वे बिल. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चाकणला दोन दिवसांची मुदत मिळते. त्यानंतर आमची एएसएन.

मी त्या तरुणाला म्हटलं, मेसेज जाताना केबल काढ. त्याने दचकून माझ्याकडे बघितलं. पण हे आज बघायचं नाही तर कधी? केबल निघाली, २००९ आला, म्हणजे जोडणी तुटली. आता मेसेज आमच्याकडे पोचला की नाही, हे त्यांच्या प्रोग्रॅमला सांगता येत नाही, कारण तुटली ती नेमकी ‘पोचला’ असं उत्तर यायच्या वेळी. अशा वेळी पुन्हा पाठवणं हाच सुरक्षित मार्ग, आणि दोनदा आला तर दुसरा ओळखणं ही आमची जबाबदारी. इथे आयआरएन उपयोगी पडतो. तो विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांतून तयार होतो, त्यामुळे त्याच बिलाचा आयआरएन तोच राहतो. आमच्या नोंदीत तो आधीच असेल तर दुसरा मेसेज बाजूला ठेवतो आणि पोच मात्र दोन्हींना देतो.

केबल काढल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. त्यांची दुसरी इंटरनेट लाइन आपोआप सुरू झाली आणि २५३८ आला. आमच्यापर्यंत पोचताच येईना, कारण त्या लाइनचा पत्ता आमच्या फायरवॉलला ठाऊक नव्हता. तो पत्ता कोणी सांगितला नव्हता, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही. फायरवॉलच्या टीमने अर्ध्या तासात तो घातला. पुन्हा केबल काढली. मेसेज दुसऱ्या लाइनने गेला, एकदाच नोंदला गेला, पोच आली.

अण्णा मागे येऊन उभे होते. म्हणाले, “ताई, ते पोचल्याचं मला माझ्या स्क्रीनवर दिसाय पायजे बघा. ह्याला किती वेळा विचारू?” बरोबर होतं त्यांचं. पोच आमच्याकडून येत होती, पण ती फक्त त्या तरुणाच्या लॉगमध्ये उतरत होती. गाडी सोडायची की नाही हे अण्णा ठरवतात. त्याने तिथल्या तिथे डिस्पॅचच्या यादीत एक रकाना वाढवला: एएसएन पोचली, वेळ अमुक. सहा वाजून गेल्यावर पहिली गाडी गेटबाहेर पडली.

रात्री ९.००

घरी आल्यावर रात्रपाळीसाठी नोंद लिहिली. शिरोलीचा ग्राहक आजपासून थेट. जुना फाइलचा मार्ग पंधरा दिवस चालू ठेवायचा, पण त्या मार्गाने आलेल्या मेसेजलाही आयआरएनची तीच तपासणी लागू. दोन्ही लाइनींचे पत्ते नोंदवलेले आहेत. २०३५ आला तर ग्राहकाला परत लावू नका, आधी लॉग वाचा आणि कारण मराठीत सांगा. पोचेच्या क्यूमध्ये शंभरच्या वर मेसेज साठले तर शिरोलीत कोणी ते उचलत नाहीये, फोन करा. सर्टिफिकेटच्या मुदतीची आठवण साठ, तीस आणि सात दिवस आधी, आमच्याकडे आणि त्यांच्याकडे दोन्हीकडे.

नोंद संपवताना अण्णांचा फोन आला. रविवारी एक जादा गाडी काढायचीय, तेव्हा चालू असतंय का, एवढंच विचारायचं होतं. चालू असतं, मी म्हणाले, आणि रविवारी रात्रपाळीवर कोण आहे त्याचा नंबर त्यांना दिला. उद्या गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपशी पहिली बैठक आहे. त्यांना आधीच कळवलंय: इंटरनेटच्या लाइनी किती, प्रत्येकीचा पत्ता काय, आणि जीएसटीवर कंपनीचं नाव नेमकं कसं आहे ते लिहून ठेवा.